दोनशे सतरावी ओळ

शुक्रवार, ११ एप्रिल

शेखर,

माझं अक्षर बघून कागद घडी घालून खिशात टाकू नको. तुझ्या लेकीची खबर आहे, तेवढी तरी वाच. फोनवर मी बोलायला लागले की तू "बरं, बरं" करतोस आणि गाडी आली म्हणून ठेवतोस. तुझ्या कसाऱ्याच्या स्टेशनात एवढ्या गाड्या येतात तरी कशा? कागदाच्या मध्ये गाडी येत नाय, म्हणून लिहिते. चौथीचं शिक्षण आहे, काना-मात्रा सांभाळून घे.

भूमिकाला इथं येऊन आज बारा दिवस झाले. पोर बरी आहे. नाचणीची भाकर खाते, कोंबड्यांना नावं दिलीत, दुपारी माझ्या केसांना तेल लावून देते. खरं सांगू? तिची नोकरी गेली याचं मला वाईट वाटायला पायजे. आणि मला तर सकाळी डोळे उघडले की आनंद होतो, घरात दुसरं माणूस खोकलं म्हणून. वाईट आहे हे, मला कळतं. पण आनंद काय विचारून येतो?

तिच्यावर काय बेतलं ते ती तुला सांगायला बघत होती, तू ऐकलं नाय. मला तिनं चार दिवस घालून समजावलं. आता मी तुला सांगते, मला समजलं तसं.

कंपनीत ही पोरं कॉम्प्युटरला सांगायचं काम लिहून काढतात, ओळीखाली ओळ. मग एक वाचणारा असतो, त्याला कंपायलर म्हणायचं. माणूस नाय, तो पण प्रोग्रामच. तो सगळं वाचून मशीनच्या भाषेत करून देतो. चूक सापडली की थांबतो आणि सांगतो, अमक्या ओळीत चूक. आता त्याच त्या दहा ओळी कितीदा लिहायच्या? म्हणून त्या एकदाच लिहून त्यांना एक नाव देतात. त्याला मॅक्रो म्हणायचं. पुढं कुठंही नुसतं नाव लिहिलं की कंपायलर तिथं त्या दहाच्या दहा ओळी मांडतो. मी म्हटलं, "म्हंजे मी 'गौरीचं सामान आणा' म्हटलं की तुझा आजा न विचारता अकरा जिनसा आणायचा, तसं." तर हसली, म्हणाली, "आजे, तू कंपनीत पायजे होतीस गो."

तर झालं असं की मॅक्रो लिहिला होता तिच्या वरच्या साहेबानं. त्यातल्या एका ओळीत चूक. भूमिकानं फक्त त्याचं नाव लिहिलं, तिच्या दोनशे सतराव्या ओळीत. कंपायलर थांबला आणि बोंबलला, दोनशे सतराव्या ओळीत चूक. साहेबाच्या ओळीचा पत्ताच नाय. सगळ्यांचं काम दोन दिवस अडलं. साहेबानं तेच सगळ्यांना पाठवलं आणि खाली लिहिलं, 'भूमिकाची ओळ'. तिसऱ्या दिवशी खरी चूक तिनंच शोधून काढली, पण नाव खराब व्हायचं ते होऊन गेलं. नवीन होती, सहा महिने बघून मग पक्की करणार होते. केली नाय.

आणि तू तिला काय बोललास? "हात माझाच आलाय तुला. ठेव तो कॉम्प्युटर. मुरबाडला झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायला मुलगी पायजे, एक जूनपासून जा." पोरीनं फोन ठेवून मला विचारलं, "आजे, पप्पांच्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं, काय नाय, दूध उतू जाईल, चूल बघ.

ती रडत बसली नाय मात्र. तो कंपायलर कुणा एकाच्या मालकीचा नाय म्हणे. जगभरची माणसं मिळून करतात, आणि कुणीही दुरुस्ती करून पाठवावी. हिनं तेच घेतलंय. चूक जिथली असेल तिथलीच जागा त्यानं दाखवावी, अशी दुरुस्ती. घरात रेंज नाय. आपण भाताचं रोप करतो त्या उंबराच्या राबाच्या बांधावर तेवढी येते. तिथं गोणपाट टाकून बसते. एवढ्या शिवारात रेंजला तीच जागा सापडावी का रे? मी चहा नेऊन देते आणि लगेच माघारी फिरते. परवा मला धरून बसवलं. म्हणते, "समज, तू मला एक गोणी दिलीस, 'हे बियाणं' म्हणून. मी ती या राबात पेरली आणि काय उगवलंच नाय. तर सगळे कुठं बघणार? राबात. पण चूक गोणीत असली तर?"

मी कोंबड्या हाकायला उठले. कोंबड्या नव्हत्या तिथं.

हल्ली एका जागी बसवत नाय मला. एवढं लिहिताना तीनदा उठले. नेहा सुनेला आशीर्वाद सांग.

आई


रविवार, २७ एप्रिल

शेखर,

तुझा कागद नाय. पोस्टमन मंगळवारी येतो, मी सोमवारपासून ओट्यावर. शेजारची सकुबाई म्हणते, "काय गो जने, नवरीसारखी वाट बघतेस." तिला काय जातंय बोलायला.

भूमिकाची दुरुस्ती परत आली. तिकडं लांब थंडीच्या मुलखात एक बाई आहे, कंपायलरचा तो भाग तिच्याकडं. तिनं लिहिलं की पोरी, आता तू सगळाच दोष मॅक्रोवर ढकललास. कधी नाव लिहिणाराच मॅक्रोच्या हातात चुकीचं काय देतो, मग? मग मॅक्रो लिहिणारा बिचारा फुकटचा अडकेल.

भूमिका अर्धा दिवस रुसली. तुझ्यासारखीच, खालचा ओठ पुढं काढून. मग करवंदं खात बसली आणि खाता खाता एकदम उठली. म्हणाली, बाईचं बरोबर आहे. त्या दहा ओळी मांडताना एकेका शब्दाला विचारायचं, बाबा तू कुठनं आलास, मॅक्रोतनं का नाव लिहिणाऱ्याच्या हातनं? आणि ते त्याच्यासंगती शेवटपर्यंत जाऊ द्यायचं. मग चूक निघाली की खरी जागा वर, आणि तिच्याखाली, 'याला इथनं बोलावलं होतं'. दोन्ही दाखवायचं.

मला तिनं कामाला लावलंय. कंपायलर चूक कशी सांगतो ते मराठीत करून वाचून दाखवते आणि विचारते, "आता कुणाकडं जाशील?" जुनं वाचलं की मी म्हणते, तुझ्याकडं. नवं वाचलं की म्हणते, साहेबाकडं. "बघ! तुला कळतं म्हंजे कुणालाही कळेल." असं तोंडावर बोलते, आणि मी खूश होते. या खेळाची गोडीच लागली मला. भाकऱ्या आटपून मी स्वतःच विचारते, आज चूक नाय का काय?

काल मी उगाच विचारलं, "आणि मॅक्रोवाल्याला आधीच ठाव असेल की चूक त्याची, आणि तो गप्पच बसला तर?"

म्हणाली, "ते कंपायलरला नाय कळत आजे. त्याला फक्त जागा कळते. बोलायचं ते माणसानं."

शेखर, तू वीस वर्सांचा होतास तेव्हाचं तुला किती आठवतं? तुझ्या आजोबांना पेज लागायची, उकड्या तांदळाची. त्यासाठी मी एक गोणी भात उकडून, वाळवून, माळ्यावर ठेवायचे. सालासकट असतं ते, गोणीत भरलं की बियाणाच्या भातासारखंच दिसतं. जरासं पिवळं. माळ्यावर उजेड तो किती.

हे मी का लिहिलं? पेन आहे, पुसता येत नाय. कागद फाडायचा तर तो भूमिकाच्या वहीतला. राहू दे.

तिला मुरबाडला पाठवायची घाई करू नको. एक जूनला अजून दिवस आहेत. मी परत लिहीन. पाय शिवशिवतात, जरा विहिरीपर्यंत जाऊन येते.

आई


शुक्रवार, ९ मे

शेखर,

बुधवारी राब भाजला. आमी सगळे होतो, नवसू, सकुबाई, पाड्यावरची आठ-दहा माणसं. पाला, शेणी, गवत नीट पसरलेलं, वर माती. नवसूनं वाऱ्याच्या तोंडाकडून आग लावली, म्हंजे सावकाश जळत जावं. भूमिका आपलं गोणपाट आणि लॅपटॉप उचलून कडेला उभी राहिली.

नवसू काय सुधारायचा नाय, तुझ्यासंगं शाळेत होता तसाच आहे. ओरडला, "अगो ए, शेखरची ना तू? आणखी लांब हो! तुझ्या बापाच्या हाताला उगवण नाय, तुझ्या सावलीनं पण राब जायचा."

हसली सगळी. तशी मस्करीच. एकोणतीस वर्सं चाललेली मस्करी.

भूमिका पण हसली. मग म्हणाली, "काका, उगवण नाय म्हंजे काय?"

नवसूला तेच पायजे होतं. काठी टेकून उभा राहिला आणि रंगवून सांगितलं. "तुझ्या बापानं एका साली या राबात पावसाआधी, कोरड्या मातीत धूळपेरणी केली. सगळ्या गावाचे राब हिरवे झाले, ह्याच्यात गवत तेवढं उगवलं. कोंब नाय एक. तुझा आजा देवरामकाका असा तापला, अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, ज्याच्या हाताला उगवण नाय त्यानं माझ्या शेतात पाय घालू नये. तुझा बाप गेला तो गेला. अर्धं शेत पडीक राहिलं त्या साली."

मला वाटलं पोर चिडेल. ती चिडली नाय. साहेबाची चूक शोधताना बसायची तशी मान वाकडी करून उभी राहिली आणि म्हणाली, "गोणी कुणी दिली होती?"

"आता गोणीचं काय मधेच? राब त्यानं केला, पेरलं त्यानं."

"काका, गोणी."

नवसूनं माझ्याकडं बघितलं. "जनीकाकी, कुणी दिलेली गो?"

मी म्हटलं, "मी."

मग बोललेच. म्हटलं, मी दिली, आणि ती बियाणाची नव्हती, म्हाताऱ्याच्या पेजेच्या उकड्याची होती. नवसू, तू शेतकरी ना रे? उकडलेलं भात उगवतं का?

"नाय."

"मग हाताचं काय सांगत होतास?"

नवसूनं काठीनं जाळ उगाच ढोसला. "काकी, मग मी एवढी वर्सं कुणाला हसलो?"

"मला हसायचं ते त्याला हसलास. आता हस."

कुणी हसलं नाय. सकुबाईनं तोंडाला पदर लावला, तो धुरानं का कशानं मला ठाव नाय.

आता तुला सांगायचं राहिलं. गावाला आधी सांगितलं आणि तुला मागनं, हे पण माझं उलटंच झालं. पेरून तेरा दिवस झाले आणि काय दिसेना, तेव्हा मी माळ्यावर गेले. दुसऱ्या गोणीत हात घातला. एक दाणा दाताखाली फोडला. आत पांढरा, कच्चा, पिठूळ. बियाणं सगळंच्या सगळं तिथं होतं. मी शिडीनं खाली उतरले. अंगणात तुझे बाप तुला बोलत होते, ते नवसूनं सांगितलं तेच. तू माझ्याकडं बघितलंस. माझ्या तोंडात तो दाणा होता. मी तो गिळला.

मग त्या बियाणाचे तांदूळ केले आणि वर्सभर म्हाताऱ्याला पेज घातली. ते एकदा म्हणाले, "सूनबाई, यंदा पेज वेगळी लागते." माझ्याकडं बघत राहिले, आणि मग वाटी पुढं केली, आणखी वाढ म्हणून. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. ते पण कुणाला बोलले नाय.

पयल्यांदा मी भ्याले. तुझ्या बापाचा राग दोन दिवसांचा, तो उतरला की सांगू, असं म्हटलं. चौथ्या दिवशी तू गेलास. मग उशीर झाला म्हणून सांगितलं नाय, आणि नाय सांगितलं म्हणून आणखी उशीर झाला. तुझे बाप जायच्या आधी तीन महिने अंथरुणावर होते. रोज त्यांचं अंग पुसायचे मी. तेव्हा तरी बोलायचं होतं. त्यांना ते घेऊन जाऊ दिलं मी. त्यांच्या कार्याला तू आलास आणि बांधाच्या अलीकडंच थांबलास, ते सगळ्यांनी बघितलं. नेहा सांगते, दारातल्या तुळशीला पण तू पाणी घालत नायस. मी ते ऐकून तिला म्हटलं होतं, पुरुषांना कंटाळा असतो गो.

ती हाताची समजूत तुझ्यापुरती होती तोवर मी गप्प बसले. आता तू ती पोरीच्या कपाळावर मारतोस, तिच्या चांगल्या डोक्याला झेरॉक्सच्या दुकानात नेऊन ठेवतोस. म्हणून लिहिलं. नायतर लिहिलं असतं का? मलाच ठाव नाय.

भूमिका बुधवारपासून माझ्याशी बोलली नाय. तेल लावत नाय. जेवण वाढलं तर जेवते आणि ताट घासून ठेवते. घरात दोन माणसं आहेत आणि खोकणं पण ऐकू येत नाय.

आई


बुधवार, २१ मे

शेखर,

काल दुपारी भूमिका बांधावरून धावत आली. आधी वाटलं साप निघाला. बाईनं दुरुस्ती घेतली! तिकडनं दोन ओळी आल्या, त्या मला तीनदा वाचून दाखवल्या. आता जगात कुठल्याही पोरीनं ते नाव लिहिलं आणि चूक मॅक्रोत असली, तर कंपायलर पयली मॅक्रोतली ओळ दाखवणार, आणि खाली तिची. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिनं फिरवू दिला. मग आमी गूळ घालून शेवया केल्या आणि दोघींनी पातेलं खरवडून खाल्लं. पाड्याला सांगून आले मी. कुणाला काय कळलं नाय, पण सगळ्यांनी बरं झालं म्हटलं. नवसू तर म्हणाला, "मला पण दाखव तो कंपायलर, माझ्या बायकोच्या भाजीला लावतो." बायकोनं त्याला तिथंच झाडलं.

पण शेवया खाताना तिनं फोन माझ्यापुढं धरला. तुझा मेसेज, सकाळचा. "आईला विचार, गोणी माळ्यावर कुठं होती." बाकी काय नाय. बरी आहेस का नाय, वाईट आहेस का नाय, काय नाय. मी तो पण तीनदा वाचायला लावला. सबंध दिवस घरातनं ओट्यावर आणि ओट्यावरनं घरात करते आहे. भूमिका म्हणाली, "आजे, पप्पा जागा विचारतात. गोल-गोल लिहू नको. जागा लिही."

तर लिहिते.

माळा चुलीच्या वर. शिडी चढलं की उजव्या हाताला कणगी, डाव्या हाताला भिंत. बियाणाची गोणी आपण दर साली भिंतीला लावून ठेवायचो, तिथं धूर लागतो, किडा होत नाय. त्या साली अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मी माळा झाडायला काढला. बियाणाची गोणी ओढून कणगीच्या मागं नेली. उकड्याची गोणी मधे आडवी येत होती, ती उचलून भिंतीला लावली, बियाणाच्या जागेवर. झाडून झाल्यावर परत फिरवणार होते. तेवढ्यात खालनं तुझ्या आजोबांनी पाणी मागितलं. मी उतरले आणि विसरले.

पेरणीच्या दिवशी सकाळी तू शिडीवर होतास. मी चुलीपाशी, तव्यावर भाकर. तू वरनं विचारलंस, "आये, बियाणाची कंची?" मी म्हटलं, "भिंतीकडची." तू म्हणालास, "जरा बघून सांग गो, मला ही पिवळी वाटते." मी मान वर केली नाय. म्हटलं, "भिंतीकडची म्हटलं ना, किती वेळा सांगू?"

तू विचारलं होतंस, शेखर. दोनदा. तुला ते आठवत असणार, म्हणून तू आता विचारतोस. मला पण आठवतं. तुला कळलं होतं, आणि तू माझं ऐकलंस. अंगणात तुझे बाप बोलत होते तेव्हा तू हे का नाय सांगितलंस ते मी तुला कधी विचारणार नाय. माझ्याकडं बघितलंस तेव्हा मी सांगीन म्हणून थांबला होतास, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

मुरबाडचं तू आणि पोर मिळून ठरवा. मी मधे नाय. फक्त हाताचं कारण पुढं करू नको, ते कारण कधी नव्हतंच.

नवसू म्हणतो, धूळपेरणी अठ्ठावीसला. तू पेरायला ये असं मी म्हणत नाय, तेवढं तोंड मला नाय. पण जागा आपल्या डोळ्यांनी बघायची असेल तर माळा तोच आहे, भिंत तीच. शिडी तेवढी बदलली. तिची खालनं तिसरी पायरी डाव्या अंगाला हलते, तिच्यावर पाय देऊ नको.

आई